पवनचक्कीची जागा तपासायला किती खर्च येतो?

जत तालुक्यातल्या एका माळावर एका शेतकऱ्यानं मला आपल्या घराचे पत्रे दाखवले. प्रत्येक पत्र्यावर दोन-दोन दगड, कडेनं तारेचे वेढे. म्हणाले, "साहेब, आषाढात हे दगडसुद्धा जागचे हलतात. वारा किती आहे ते आणखी काय मोजायचं?" चार भावांत मिळून बारा एकर जमीन. पवनचक्कीसाठी एजंट दोनदा येऊन गेलेला. त्याच महिन्यात इचलकरंजीच्या एका सूत व्यावसायिकानं फोन करून जवळपास हेच विचारलं. वीजबिल परवडेना, चार जण मिळून स्वतःच्या पवनचक्क्या घ्यायचं ठरवतायत, सांगली-साताऱ्याकडे जागाही दाखवलीय, घ्यावी का?

दोघांना मी एकच उत्तर दिलं. पत्रे उडवतो तो चार दिवसांचा झोंबरा वारा. पवनचक्की पैसे कमावते ती वर्षाच्या सरासरीवर. ती सरासरी कळायला एक वर्ष लागतं आणि काही लाख रुपये लागतात. ते आधी खर्च करायचे. टॉवरचा विचार त्यानंतर.

एवढा आग्रह का, ते वाऱ्याच्या गणितात आहे. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्के जास्त, तर ऊर्जा 33 टक्के जास्त. सेकंदाला 6 मीटरऐवजी 7 मीटर वारा असेल, तर वाऱ्यातली ऊर्जा जवळजवळ 60 टक्क्यांनी वाढते. हाताला या दोन वाऱ्यांतला फरक कळत नाही, धोतराचा सोगा दोन्हींत सारखाच उडतो. मोजणीत अर्ध्या मीटरची चूक झाली, तर धंद्याचा सगळा हिशेब उलटतो. शिवाय उंचावर हवा विरळ असते. पाटण तालुक्यातलं वंकुसवड्याचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण 1150 मीटरवर आहे. तिथं हवेची घनता कंपनीच्या माहितीपत्रकातल्या प्रमाण घनतेपेक्षा सुमारे 15 टक्के कमी भरते, म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात वीजही कमी. माहितीपत्रकातला आलेख समुद्रसपाटीचा असतो. आपल्या उंचीचा आलेख मागून घ्यावा, कंपन्या तो देतात.

पहिली पायरी फुकटची आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे देशाचे पवन नकाशे आहेत. डेन्मार्कचं तांत्रिक विद्यापीठ आणि जागतिक बँकेनं केलेला ग्लोबल विंड अ‍ॅटलस कुणालाही उघडून पाहता येतो. गटाच्या जागेवर बोट ठेवा, 100 आणि 150 मीटर उंचीवरचा सरासरी वेग दिसेल. राष्ट्रीय संस्थेच्या अंदाजानं 120 मीटर उंचीवर महाराष्ट्राची क्षमता सुमारे 98 गिगावॅट आणि 150 मीटरवर सुमारे 174 गिगावॅट आहे. उभी आहे त्यातली 5 गिगावॅटच्या आसपास. म्हणजे जागा संपलेल्या नाहीत. पण हे नकाशे संगणकानं काढलेले आहेत. सह्याद्रीचा एखादा सुळका किंवा खिंड त्यांना नीट दिसत नाही. नकाशानं नाही म्हटलं तर बहुधा तिथंच थांबावं. हो म्हटलं, तर पुढची चौकशी सुरू करावी.

नकाशा पाहून झाला की एकदा पठारावर जाऊन या, तेही उन्हाळ्यात. झाडं बघा. पश्चिमेच्या वाऱ्यानं वर्षानुवर्षं झोडपलेली हिरडा-जांभळीची झाडं पूर्वेकडे कललेली असतात आणि त्यांच्या फांद्या एकाच अंगाला वाढलेल्या असतात. जुन्या धनगरवाड्यांत घराची पाठ कुठल्या दिशेला आणि दार कुठल्या दिशेला आहे ते बघा. आसपास जुने पंखे, म्हणजे पवनचक्क्या, चालू असतील, तर त्यांच्या मालकाकडून मागच्या पाच-सात वर्षांच्या मीटर वाचनाच्या नोंदी मिळवायचा प्रयत्न करा. शेजारच्या चालत्या पंख्याची महिनावार युनिटं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खरा पुरावा असतो. तो मिळवण्यासाठी दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील.

आता मुख्य खर्च, म्हणजे वारा मोजायचा मनोरा. सगळे त्याला मास्टच म्हणतात. जाळीचा बारीक मनोरा, चारी बाजूंनी ताणाच्या तारा. त्यावर वेगवेगळ्या उंचीवर वाट्यांचे वेगमापक, दिशादर्शक, तापमान आणि हवेचा दाब मोजणारी उपकरणं. खाली पेटीत नोंदयंत्र, त्याला छोटं सौर पॅनेल आणि सिमकार्ड. दर दहा मिनिटांची एक नोंद, म्हणजे वर्षाला 52,560 नोंदी. यातल्या निदान 90 टक्के तरी धड मिळायला हव्यात. 120 मीटरचा मास्ट उपकरणांसह उभा करायला मी अंदाजपत्रकात 15 ते 25 लाख धरतो. रस्ता वाईट आणि जमीन खडकाळ असली तर वरचा आकडा.

"50 मीटरचा मास्ट घ्या, पाच-सात लाखांत भागेल, वरचा वारा गणितानं काढू," असं कुणी सांगितलं, तर जरा थांबा. इथं सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. जमिनीपासून वर जावं तसा वारा वाढतो, आणि किती वाढतो याचं एक पुस्तकी सूत्र आहे. 50 मीटरवर वेग 6 मीटर असेल, तर त्या सूत्रानं 120 मीटरवर 6.8 येतो. हे सपाट माळाला साधारण लागू पडतं. सह्याद्रीच्या धारेवर मात्र वारा चढाला घासून वर येतो आणि खालच्या थरातच जोर धरतो. वर गेल्यावर तो पुस्तकात म्हटलाय तितका वाढत नाही, 6.4 वरच राहतो. कागदावर फरक 0.4 मीटरचा. ऊर्जेत तो 17 टक्क्यांच्या आसपास जातो. मास्टची उंची पंख्याच्या अक्षाच्या शक्य तितकी जवळ हवी. अक्ष 140 मीटरवर आणि मास्ट 120 चा, एवढं चालतं. निम्म्या उंचीचा मास्ट घेऊन वाचवलेले पैसे पुढं वीस वर्षं वजा होत राहतात.

कड्याच्या अगदी टोकावर मास्ट उभारू नका, पंखाही नको. तिथं वारा खालून तिरका वर येतो आणि भोवरे करतो. पाती आणि बेअरिंग त्यानं लवकर झिजतात. धारेपासून आत किती सरकायचं, हे जागेच्या उंचसखलपणावर ठरतं. मोठ्या जागेला कधी कधी दोन मास्टही लागतात.

आमच्या एका कामात काय झालं ते इथं सांगायला हवं. मास्ट उभा करणाऱ्या ठेकेदारानं वेगमापकाचा आडवा दांडा पूर्वेला बसवला. उन्हाळ्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुरू झाला आणि तो मनोऱ्याच्या जाळीतून गाळून वाटीपर्यंत पोचायला लागला. नोंदी कमी येऊ लागल्या. एकाच उंचीवर दुसऱ्या बाजूला लावलेल्या वाटीचे आकडे शेजारी मांडले, तेव्हा एका दिशेच्या वाऱ्यातच दोघींत तफावत दिसली. वर चढून दांडा फिरवायचा, तर धुकं आणि वारा. कामगार चढवणं धोक्याचं होतं. ऑगस्ट संपेपर्यंत थांबलो आणि मोसमाचा निम्मा डेटा हातचा गेला. तेव्हापासून मी तीन गोष्टी लेखी घेतो. दांडे उत्तर-दक्षिण असावेत. सर्वांत वरच्या उंचीवर दोन वाट्या असाव्यात. आणि प्रत्येक उपकरणाचं अंशांकन प्रमाणपत्र आणि दांड्यांचे चारी बाजूंचे फोटो बिल देण्याआधी हातात पडावेत. याला वेगळा पैसा लागत नाही, आठवण मात्र ठेवावी लागते.

मास्टची राखण हा वेगळा खर्च आहे. तारा आणि बॅटरी चोरीला जातात, वीज पडते. गावातल्याच एखाद्या माणसाला महिन्याच्या पगारावर नेमलं आणि दोन-तीन देखभाल फेऱ्या धरल्या, तर वर्षाला 3 ते 4 लाख होतात. लेसरनं वारा मोजणारं लायडार यंत्रही आता भाड्यानं मिळतं. डोंगराळ जागेत ते मास्टच्या जोडीला दोन-तीन महिने लावलं तर वरच्या थराची खातरजमा होते. मास्टच्या ऐवजी एकटं लायडार लावायचं असेल, तर कर्ज देणारी बँक ते मानेल का, हे आधी विचारून घ्या.

आणि पूर्ण बारा महिने मोजा. आपल्याकडे वर्षाची बहुतेक वीज मे ते सप्टेंबरात होते. जून-जुलै-ऑगस्ट मोजून कुणी अहवाल आणला, तर ते आकडे बघून कुणालाही भुरळ पडेल. फेब्रुवारीत त्याच पठारावर पंखे दुपारभर उभे असतात. बारा महिन्यांचा डेटा आला की तो मागच्या वीस-पंचवीस वर्षांच्या हवामान नोंदींशी जुळवून बघावा लागतो. युरोपीय हवामान केंद्राच्या आणि नासाच्या अशा नोंदी उपलब्ध आहेत. तुम्ही मोजलं ते वर्ष चांगल्या मोसमाचं होतं की हलक्या, ते त्यातून कळतं. हे विश्लेषण आणि वीजनिर्मितीचा अहवाल यासाठी मी 5 ते 8 लाख धरतो.

अहवालात पी-50 आणि पी-90 असे दोन आकडे असतात. दहापैकी पाच वेळा जेवढी किंवा त्याहून जास्त वीज मिळेल तो पी-50, आणि दहापैकी नऊ वेळा मिळेल तो पी-90. 3 मेगावॅटचा एक पंखा 25 टक्के क्षमतेनं चालला, तर वर्षाला 65.7 लाख युनिटं देतो. मोजणीत 12 टक्के अनिश्चितता असेल, तर त्याचा पी-90 सुमारे 55.6 लाख युनिटांवर येतो. कर्जाचा हप्ता या दुसऱ्या आकड्यातून फिटायला हवा. विकणारा माणूस नेहमी पहिल्या आकड्यावर बोलतो. मास्ट चांगला, मोजणी पूर्ण, तर अनिश्चितता घटते आणि हे दोन आकडे एकमेकांजवळ येतात. मास्टवर पैसे घालायचे ते यासाठीच.

मास्ट महाग वाटतो त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. हाच पंखा 25 ऐवजी 22 टक्क्यांवर चालला, तर वर्षाला 7.88 लाख युनिटं कमी. युनिटाला साडेतीन रुपये धरले, तर 27 लाखांहून जास्त तोटा, दर वर्षी, एका पंख्यामागं. मास्टची पूर्ण किंमत एका वर्षाच्या चुकीत जाते. पूर्वी दर चढे होते, तेव्हा अशी चूक झाकली जायची. 2017 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या पहिल्या पवन लिलावात दर 3.46 रुपये लागला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो 2.43 रुपयांवर आला. आज उभारणीचा खर्च मेगावॅटला 7 ते 9 कोटींच्या घरात आहे. एवढ्या पैशाला चुकीची जागा झेपत नाही.

स्वतःच्या कारखान्यासाठी वीज घेणाऱ्यांनी एक गोष्ट मोजणीच्या तक्त्याशेजारी मांडून बघावी. बंदिस्त वापर, म्हणजे कॅप्टिव्ह, म्हणवून घ्यायला 2005 च्या वीज नियमांप्रमाणे वापरणाऱ्यांची मालकी निदान 26 टक्के आणि वापर निदान 51 टक्के लागतो. 2022 च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी पात्रतेची मर्यादा 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली, त्यामुळं मध्यम कारखान्यांनाही दार उघडलं. पण जादा वीज जमा ठेवायची सोय, बँकिंग, महिन्यापुरती आहे. जुलैत गरजेपेक्षा जास्त आलेली युनिटं जानेवारीच्या बिलात वळती होत नाहीत. सूतगिरणीचा भार बारा महिने सारखा असतो, वाऱ्याचा नसतो. म्हणून वर्षाचं एकूण उत्पादन पाहून पंखे किती घ्यायचे ते ठरवू नका. महिनावार निर्मिती आणि महिनावार वापर शेजारी-शेजारी लिहा. इचलकरंजीच्या त्या मंडळींनी हा तक्ता केला आणि तीन पंख्यांच्या जागी दोनवर आले.

वारा चांगला निघाला तरी जागा चांगली ठरतेच असं नाही. माझ्या अनुभवात वाऱ्याइतक्याच जागा लाईन आणि रस्त्यावर अडतात. जवळचं महापारेषणचं किंवा महावितरणचं सबस्टेशन किती लांब आहे आणि तिथं क्षमता शिल्लक आहे का, हे मास्ट उभा करायच्या आधीच विचारा. 33 केव्हीची लाईन डोंगरात किलोमीटरला 15-20 लाख धरावी लागते. वाटेतल्या प्रत्येक खांबाला कुणाची तरी परवानगी लागते. दोन-तीन पंख्यांच्या प्रकल्पाला दहा किलोमीटरची लाईन परवडत नाही. दहा पंखे असतील, तर गोष्ट वेगळी.

रस्त्याचं म्हणाल, तर आजच्या 3 मेगावॅटच्या पंख्याचं एक पातं 70 मीटरच्या आसपास असतं. ते अख्खंच येतं. ट्रेलर घाटातल्या वळणावर अडला, तर आतल्या बाजूची दरड फोडायची की पातं तिरकं उचलणारा खास ट्रेलर आणायचा, यावर लाखो रुपये इकडचे तिकडे होतात. महामार्गापासून टॉवरपर्यंतची पाहणी 1 ते 2 लाखांत होते. पुलाची भारक्षमता, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, गावातली कमान, सगळं मोजून घ्यावं. एका गावात शाळेच्या प्रवेशद्वारावरची कमान आठ इंच कमी पडत होती. गावकऱ्यांनी ती काढून पुन्हा बांधायला मान्यता दिली, कारण आधी जाऊन विचारलं होतं.

जमिनीच्या कागदांसाठी चांगला वकील धरा. 30 वर्षांचा शोध अहवाल, सातबारा, फेरफार, भूमी अभिलेख खात्याची मोजणी. एका गटाला मी 25 ते 50 हजार धरतो. भोगवटादार वर्ग 2, देवस्थान इनाम, गायरान किंवा धुळे-नंदुरबारकडे आदिवासी खातेदाराची जमीन असेल, तर व्यवहार सरळ होत नाही. तिथं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी किंवा त्याहून कठीण वाट असते. वनक्षेत्र असेल तर काळ किती लागेल ते सांगता येत नाही, म्हणून शक्यतो तो गट सोडावा. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पंखा कोणत्याही राहत्या घरापासून निदान 500 मीटर दूर हवा. रस्ता, लोहमार्ग, इमारती, उच्चदाब तारा यांच्यापासूनचं अंतर म्हणजे अक्षाची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा निम्मा व्यास, अधिक 5 मीटर. अक्ष 120 आणि वर्तुळ 140 मीटरचं असेल, तर 195 मीटर. हे नकाशावर आखल्यावर बारा एकरांत एकही जागा उरत नाही, असंही होतं. जतच्या त्या शेतकऱ्याच्या, म्हणजे अण्णांच्या बाबतीत दोन वस्त्यांची वर्तुळं आखल्यावर एकच लोकेशन शिल्लक राहिलं, तेही धाकट्या भावाच्या वाट्यात.

शेतकऱ्याला माझं सांगणं एवढंच, की भाडेपट्टा नोंदणीकृतच करा. त्यात टॉवरची जागा, रस्त्याची पट्टी आणि पातं ज्या शेतावरून फिरतं ती हवेतली हद्द, तिन्हींचा मोबदला वेगवेगळा लिहून घ्या. पंचवीस वर्षांनी पंखा आणि पायाचं काँक्रीट कोण काढणार, हेही लिहून घ्या. सातारच्या पठारांवर पहिल्या पिढीतले पंखे उभे राहिले, तेव्हा हे कुणाला सुचलं नव्हतं आणि लोकांनी जमिनी मिळेल त्या भावानं दिल्या.

पठारावरच्या जिवांचा खर्च अंदाजपत्रकात बसत नाही, तरी जागा ठरवताना तो डोळ्यांसमोर हवा. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अभ्यास केला आणि तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पंखे नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. जिथं पंखे, तिथं ससाणे-घारी कमी आणि त्यामुळं गळ्याला निळा-केशरी पंखा असलेल्या सरड्यांची संख्या वाढलेली. त्या सरड्यांचं वागणंही बदललं होतं. शेजारी कोयना अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. सोलापूरकडे नान्नजचा माळढोकाचा माळ आहे. पवन प्रकल्पाला 2006 च्या अधिसूचनेखाली पर्यावरणीय मंजुरी लागत नाही, म्हणून ही पाहणी आपण आपल्या पैशानं करून घ्यायची. स्थानिक पक्षी अभ्यासकाला वर्षातून तीन-चारदा नेलं, तर लाख-दीड लाखात होते. गिधाडांचं घरटं असलेला कडा जवळ निघाला, तर ती जागा मी सोडायला सांगतो, वारा कितीही असो.

जमिनीखालची तपासणीही राहिली. टॉवरच्या पायाला 400 ते 600 घनमीटर काँक्रीट लागतं. जांभ्याच्या थराखाली पोकळी निघाली, तर खर्च वाढतो, म्हणून प्रत्येक लोकेशनला एक बोअर हवाच. बोअरमागं दीड-दोन लाख.

तर 9 मेगावॅटच्या, म्हणजे तीन पंख्यांच्या जागेचा हिशेब असा. मास्ट 20 लाख, वर्षाची राखण 4, विश्लेषण 6, जमिनीची उंचसखल मोजणी अडीच, तीन बोअर 5, कागदपत्रं दीड, रस्ता दीड, सबस्टेशनचा अभ्यास अडीच. एकूण 43 लाख. पक्षी-पाहणी आणि जीएसटी वेगळा. 72 कोटींच्या प्रकल्पात हे 0.6 टक्के झाले. आणि सगळे एकदम खर्च करायचे नाहीत. सबस्टेशन, घरांचं अंतर, सातबारा ही तपासणी पहिल्या महिन्यात चार-पाच लाखांत उरकते. ती पार पडली तरच मास्ट.

जतच्या त्या माळावर मास्ट उभाच केला नाही. लाईन चौदा किलोमीटर लांब होती आणि लोकेशन एकच. अण्णांनी एजंटाला नकार कळवला. मी निघताना म्हणाले, "शेजारच्या गावात मोठा प्रकल्प आला, तर लाईन इकडून जाईल ना?" जाईल. तेव्हा पुन्हा मोजू, असं ठरवून त्यांनी चौघा भावांच्या सातबाऱ्यांच्या प्रती माझ्याकडे ठेवायला दिल्या आहेत.